चंदेरी रंग मंदावला तेव्हा: अंबडमधल्या एका मेटॅलिक लेपाचं प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकमधल्या अंबडच्या एका रंगकाम कारखान्यातून आमच्या सातपूरच्या प्रयोगशाळेत एक खोका आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा कव्हरं होती. मोटारीच्या बाजूच्या आरशाला मागून झाकतं ते कव्हर, एबीएस प्लास्टिकचं, चंदेरी मेटॅलिक रंगाचं. तीन पास झालेली, तीन ग्राहकाकडून परत आलेली. चिठ्ठीत एवढंच होतं: ‘शेडची तक्रार. कारण शोधून द्यावे.’ शेड म्हणजे रंगाची छटा.

मी ती खिडकीपाशी नेली. समोरून धरली तर परत आलेली तिन्ही जरा राखाडी, मळकट वाटत होती. हातात तिरकी केली तेव्हा उलटं झालं. चांगलं कव्हर तिरकं होताच शिशासारखं गडद व्हायचं. परत आलेलं तितकं गडद होतच नव्हतं. म्हणजे समोरून मंद आणि बाजूनं फिकट. मेटॅलिक रंगाची सगळी शोभा या दोन टोकांमधल्या अंतरात असते. ते अंतर कमी झालं की रंग चंदेरी राहत नाही, साधा करडा दिसू लागतो.

फोनवर पेंट शॉपचे सुपरवायझर दादा बोलले. तीस वर्षं या कामात. म्हणाले, “मॅडम, फेस डल जातोय आणि साइड लाइट जातेय. गाडीच्या दाराशेजारी लावलं की लगेच कळतं. दिवाळीपर्यंत एक पीस परत आला नव्हता.” मग थोडं थांबून म्हणाले, “सगळे नव्या पोराचा हात म्हणतायत. मला तसं वाटत नाही, पण माझ्याकडं पुरावा नाही.”

तो नवा रंगारी नोव्हेंबरात लागला होता आणि तक्रारीही नोव्हेंबराच्या शेवटी सुरू झाल्या. त्याला फवारणीच्या बूथमधून काढून मास्किंगला, म्हणजे न रंगवायचे भाग झाकायच्या कामाला, बसवलं होतं. हे ऐकल्यापासून हे प्रकरण माझ्यासाठी नुसतं शेडचं राहिलं नाही.

तोवर काय काय तपासून झालं होतं

कारखान्यानं बरंच केलं होतं, हे आधी सांगायला हवं. लेपाची जाडी ठीक होती: चकाकीचा रंगथर, म्हणजे बेस कोट, १४ मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यावर पारदर्शक क्लिअर कोट ३२. ग्लॉस ठीक. चिकटपणाची जाळी-चाचणी ठीक. बहुकोनी शेडमापकावरही कव्हरं ठेवली होती. हे यंत्र ४५ अंशांतून प्रकाश टाकतं आणि आरशासारख्या परावर्तनापासून १५, ४५ आणि ११० अंश दूर किती उजेड येतो ते मोजतं. परत आलेल्या कव्हरांचा उजळपणा १५ अंशांवर सहा एककांनी कमी आणि ११० अंशांवर तीन एककांनी जास्त होता. डोळ्यांनी दिसलेलंच आकड्यात आलं होतं.

रंग पुरवणाऱ्या कंपनीचा माणूसही येऊन गेला होता. त्यानं न उघडलेल्या ड्रममधून नमुना घेतला, त्यांच्या प्रयोगशाळेत पॅनेल फवारलं आणि शेड अचूक जुळली. साहजिकच सगळ्यांनी धरून चाललं की रंग निर्दोष आहे, दोष बूथमध्ये आहे. त्या वाक्यात एक चूक दडली होती. ती मला तेव्हा दिसली नाही, आणि पुढचे वीस दिवस दिसली नाही.

बूथमधले संशयित तीन. पहिली थंडी: नाशिकला डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो. गारठ्यात थिनर सावकाश उडतो, लेप जास्त वेळ ओला राहतो आणि आतले धातूचे कण हवे तसे बसत नाहीत. दुसरा, बेसवर क्लिअर मारण्याची घाई: मधला फ्लॅश-ऑफ, म्हणजे बेस सुकू द्यायचा वेळ, कमी पडला तर क्लिअरमधला थिनर खालचा बेस पुन्हा सैल करतो आणि बसलेले कण हलतात. तिसरा, फवारणीचा हात: गन जवळ धरली, लेप ओला पडला, हवेचा दाब कमी ठेवला, तरी परिणाम तोच. तिन्हींचं शेडमापकावरचं उत्तर जवळपास एकच येतं. मापक सांगतो किती बिघडलं. कशानं बिघडलं ते त्याला सांगता येत नाही.

लेपाच्या आत काय असतं

मेटॅलिक रंगातली चकाकी अॅल्युमिनियमच्या चकत्यांची असते. कारखान्यात त्यांना फ्लेक म्हणतात. या शेडमधली चकती साधारण १२ ते १५ मायक्रॉन रुंद आणि अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. गोल कणांची पूड थिनर आणि वंगण आम्लासह गोळ्यांच्या चक्कीत घोटून त्या सपाट करतात. वंगण नसेल तर कण चपटे होण्याऐवजी एकमेकांना चिकटतात. कोरडं कुटायला गेलं तर अॅल्युमिनियमची धूळ स्फोट करू शकते.

फवारलेला ओला बेस सुकताना त्याची जाडी पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली येते. वरून छत खाली येत जावं तशा चकत्या दाबल्या जाऊन आडव्या होतात. त्या जितक्या आडव्या, तितका समोरून लखलखाट आणि तिरक्या नजरेला तितका गडदपणा.

किती आडव्या, हे कोनांत मांडलं की चित्र स्पष्ट होतं. लेपाचा वक्रीभवनांक साधारण १.५ आहे. यंत्राचा प्रकाश ४५ अंशांनी येतो, पण लेपात शिरताच वाकून २८ अंशांचा होतो. तिथून हिशेब मांडला तर १५ अंशांच्या खिडकीत उजेड पाठवणारी चकती लेपात सुमारे ४ अंश कललेली असते. ४५ च्या खिडकीसाठी १४ अंश लागतात. आणि ११० च्या खिडकीत सपाट पृष्ठभागावरून उजेड पोचवायचा तर चकती तब्बल ३३ अंश कललेली हवी. चांगल्या लेपात इतक्या उभ्या चकत्या जवळजवळ नसतात. तिथं येणारा थोडा उजेड मुख्यतः चकत्यांच्या कडांवरून विखुरलेला असतो. म्हणून ११० चा आकडा वाढला की दोनच शक्यता उरतात: चकत्या उभ्या झाल्यात, किंवा कडा वाढल्यात.

या दुसऱ्या शक्यतेकडं मी तेव्हा पुरेसं लक्ष दिलं नाही.

पहिला छेद, आणि माझी चूक

माझं शिक्षण धातुशास्त्राचं. पोलादाचा तुकडा घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची वाट शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६० च्या दशकात घालून दिली. आम्ही आजही त्याच वाटेनं जातो. लेपाचा उभा छेद पाहायचा म्हणजे तेच काम, फक्त जिन्नस फार नाजूक. पोलादाच्या सवयी इथं नडतात. नमुना बसवायला आम्ही एरवी गरम बॅकेलाइट दाबून वापरतो. एबीएस त्या तापमानाला टिकत नाही. म्हणून थंड जमणारं इपॉक्सी घ्यायचं, तेही सावकाश जमणारं, कारण घाईचं इपॉक्सी जमताना तापतं. पुसायला अॅसिटोन चालत नाही, एबीएस त्यात विरघळतं. साबणाचं पाणी बरं. आणखी एक अडचण: क्लिअर कोट पारदर्शक, इपॉक्सीही पारदर्शक, त्यामुळे लेप कुठं संपला ते दिसत नाही. म्हणून बसवण्याआधी नमुन्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर द्यायचा. छेदात ती बारीक तेजस्वी रेघ सीमा दाखवते.

एवढं सगळं मी नीट केलं. पण तुकडा कापला तो हॅकसॉनं.

कव्हरातून बोटभर पट्टी करवतीनं काढली, इपॉक्सीत उभी बसवली, ४०० पासून २००० पर्यंतच्या पॉलिशपेपरवर घासली, मग तीन आणि एक मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट. कृष्णक्षेत्र प्रकाशात पाहिलं. या पद्धतीत पार्श्वभूमी काळी राहते आणि चकत्या उजळ रेघांसारख्या चमकतात. बेसच्या वरच्या भागातल्या, क्लिअरला लागून असलेल्या चकत्या वाकलेल्या आणि उचललेल्या होत्या. खालच्या बऱ्यापैकी आडव्या. मला वाटलं उत्तर मिळालं: क्लिअर घाईनं मारला, वरचा थर सैल झाला. मी तसा अहवाल दिला आणि फ्लॅश-ऑफ तीन मिनिटांवरून सहावर न्यायला सांगितलं.

कारखान्यानं ते केलं. त्यासाठी कव्हरं पुढं नेणाऱ्या साखळीचा वेग कमी करावा लागला, उत्पादन घटलं. दहा दिवस असं चाललं. शेडमध्ये काडीचा फरक पडला नाही.

दहाव्या दिवशी दादांचा फोन आला. रागावले नव्हते, उलट मलाच धीर देत होते. त्यानं मला जास्त लागलं. मी सगळे फोटो पुन्हा काढून बसले. रात्री उशिरा लक्षात आलं की वाकलेल्या चकत्या सगळ्या एकाच बाजूला वाकल्या होत्या. डावीकडं. एकही उजवीकडं नाही. क्लिअरच्या थिनरनं सैल झालेल्या चकत्या अशा कवायत केल्यासारख्या एका दिशेला वळणार नाहीत. त्या दोन्हीकडं कलतील. एक दिशा म्हणजे घासण्याची दिशा. मी नमुना प्लास्टिककडून क्लिअरकडं घासला होता आणि पेपरनं मऊ अॅल्युमिनियम ओढत नेलं होतं. करवतीनं आधीच कड चेचलेली होती. लेपाची रचना म्हणून जे वाचलं ते माझ्याच हातचं नुकसान होतं.

पास झालेल्या कव्हराचा छेद त्याच दिवशी, तसाच घेतला असता तर त्यातही तेच दिसलं असतं आणि मी थांबले असते. मी फक्त बिघडलेलं पाहिलं होतं.

दुसरा छेद

या वेळी तीन नमुने घेतले: ग्राहकानं मंजूर केलेलं मास्टर पॅनेल, एक परत आलेलं कव्हर, आणि दादांनी नव्या ड्रममधला रंग थेट साध्या कप-गननं (हिच्यात रंग गनवरच्याच कपातून येतो) फवारून दिलेलं एक कव्हर. हा तिसरा नमुना दादांच्या मनातला होता. “ड्रममधला माल तसाच मारून बघू या की,” ते म्हणाले. मला तो फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता. नाही कसं म्हणायचं, म्हणून घेतला.

कापायला हळू फिरणारी हिऱ्याची पातळ चकती वापरली. कापलेल्या कडेपासून पूर्ण एक मिलिमीटर घासून काढलं, म्हणजे कापण्याचा मार जिथवर गेला असेल तो भाग निघून जाईल. शेवटचे टप्पे क्लिअरकडून प्लास्टिककडं, हलक्या दाबानं. आणि प्रत्येक नमुन्याचे दोन छेद, एकमेकांना काटकोनात. तिन्ही एकाच साच्यात शेजारी बसवले, म्हणजे जे काही बरंवाईट होईल ते तिघांना सारखं होईल.

मग दोनशे-दोनशे चकत्या मोजल्या. एकेका रेघेचा कल आणि ती बेसच्या वरच्या, मधल्या की खालच्या हिश्श्यात आहे याची नोंद. कंटाळवाणं काम, दोन दिवस गेले. मास्टरमध्ये दहा अंशांहून जास्त कललेल्या किंवा वाकलेल्या १९ निघाल्या, कप-गनच्या कव्हरात २३, परत आलेल्यात ७१.

या ७१ कुठं आहेत, ते खरं बोलकं होतं. वरच्या हिश्श्यात, मध्ये, तळाशी, सगळीकडं सारख्या विखुरलेल्या. क्लिअरची घाई असती तर गर्दी वर असती. तो संशय संपला. दुसरं म्हणजे थंडीनं किंवा ओल्या हातानं चकत्या कलतात, पण सरळ राहतात; कललेली पाटी पाटीच असते. इथल्या बऱ्याचशा वाकलेल्या होत्या. टोकं मुडपलेली, काही मधोमध दुमडलेल्या. त्यांच्यामध्ये एक-दोन मायक्रॉनचे बारीक तुकडे भुग्यासारखे अडकले होते. बूथमध्ये उडणारा थेंब चकती अशी दुमडत नाही. त्या बूथमध्ये आल्या तेव्हाच अशा होत्या.

सराफ बाजाराच्या बाजूला मिठाईवर चांदीचा वर्ख लावताना पाहिलं असेल तर हे चटकन पटेल. वर्ख सपाट बसला की आरशासारखा चमकतो. तोच हातात चुरगळला की राखेसारखा दिसतो. चांदी तीच, वजनही तेवढंच.

तरी मी लगेच तुकडे पडल्याचं लिहिलं नाही. छेदातल्या आखूड रेघा फसव्या असतात. गोल पापड सुरीनं कुठंही कापला तर काप नेहमी मध्यातून जात नाही; सरासरी कापाची लांबी व्यासाच्या ७८ टक्क्यांच्या आसपास येते आणि कडेजवळून गेलेला काप तर अगदीच आखूड. म्हणजे अखंड चकत्यांच्या छेदातही आखूड रेघा असणारच. कलाचंही तसंच: छेदात दिसणारा कल खऱ्या कलाएवढा किंवा त्याहून कमी असतो, जास्त कधीच नाही. तिन्ही नमुन्यांना हा नियम सारखा लागू असल्यानं तुलना खरी होती, पण चकती फुटली असं म्हणायला चकती सपाट पडलेली पाहायला हवी होती.

साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची हद्दही इथं येते. माझ्या सर्वांत चांगल्या भिंगाला ०.४ मायक्रॉनहून बारीक वेगळं दिसत नाही. चकतीची जाडी त्याच घरातली, त्यामुळे दिसणारी रेघ खऱ्या चकतीहून जाड असते. लांबी, कल, वाक यांवर विश्वास ठेवायचा, जाडीवर नाही. म्हणून एक नमुना पुण्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाठवला. तिथं मागे फेकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रात जड मूलद्रव्य उजळ दिसतं. अॅल्युमिनियमचा अणुक्रमांक १३, रेझिनमधल्या कार्बनचा ६, त्यामुळे चकत्या काळ्या पाटीवर खडूनं काढल्यासारख्या उठून आल्या. घड्या स्पष्ट होत्या. काही ठिकाणी दोन घड्या.

काचेची पट्टी

एवढा सगळा घाट घातल्यावर निर्णायक पुरावा मिळाला तो काही रुपयांच्या काचपट्टीवर. दादांना सांगितलं, नव्या ड्रममधला चमचाभर रंग एका बाटलीत आणि बूथमध्ये गनला जोडलेल्या नळीतून काढलेला चमचाभर दुसऱ्या बाटलीत. दोन्ही थिनरनं खूप पातळ केले, एकेक थेंब काचेवर पसरून सुकवला आणि खालून प्रकाश सोडून पाहिलं. अॅल्युमिनियम पातळ असलं तरी अपारदर्शक, म्हणून चकत्या उजेडावर काळ्या सावल्यांसारख्या दिसतात.

ड्रममधल्या चकत्या गोल होत्या, कड गुळगुळीत, आकार एकमेकांशी मिळते. या जातीला व्यवहारात सिल्व्हर डॉलर म्हणतात, नाण्यासारखा आकार. गनपाशी पोचलेल्या रंगात कडा फाटलेल्या, चंद्रकोरीसारखे तुकडे आणि मध्ये सगळीकडं भुगा. रंग तोच, ड्रमवरचा बॅच क्रमांकही तोच.

पुरवठादाराचा माणूस खोटं बोलला नव्हता. ड्रममधला रंग निर्दोषच होता. पण कव्हरावर बसला तो ड्रममधला रंग नव्हताच, आणि त्या दोघांमधला रस्ता कोणी तपासला नव्हता.

पेंट किचनमध्ये सकाळी सात वाजता

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी तिथं गेले. पेंट किचन, म्हणजे रंग तयार करण्याची जागा, कारखान्याच्या मागच्या बाजूला, पत्र्याखाली. गारठा इतका की भांड्यांना हात लावताना बोटं आखडत होती. चंदेरी रंगाची ६० लिटरची टाकी, तिच्यातून गिअर पंप रंग उचलतो, नळीतून बूथपर्यंत नेतो आणि उरलेला परत टाकीत आणतो. परतीच्या वाटेवर दाब राखायला बॅक प्रेशर व्हॉल्व्ह. ही फिरती ठेवावीच लागते: अॅल्युमिनियमची घनता २.७, रंगाच्या द्रवाची एकाच्या आसपास, थांबवलं की चकत्या तळाला बसतात. नळीत रंगाचा वेग साधारण सेकंदाला ०.३ मीटर राखावा असा ठोकताळा आहे.

व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्ण आवळलेला होता. चिंचोळ्या फटीतून रंग जोरात पिळून जातो, तिथं आणि गिअरच्या दातांत चकत्यांवर ताण येतो. एका फेरीत काही होत नाही. प्रश्न फेऱ्यांचा असतो.

पंप मिनिटाला सहा लिटर फिरवत होता. ६० लिटरची टाकी दर दहा मिनिटांनी एकदा पूर्ण फिरते, दिवसाला १४४ फेऱ्या. दिवाळीपूर्वी या शेडची मागणी मोठी होती, टाकी तीन दिवसांत संपायची: चारशेच्या वर फेऱ्या. दिवाळीनंतर ग्राहकाकडं चंदेरी गाड्यांची मागणी घसरली. तीच टाकी आता पंधरा दिवस पुरत होती. १४४ गुणिले १५, म्हणजे दोन हजारांवर फेऱ्या. नोव्हेंबराच्या शेवटी तक्रार का सुरू झाली, याचं उत्तर रंगाऱ्याच्या हजेरीपत्रकात नव्हतं, मागणीच्या वहीत होतं.

आणि थंडी? दादांचा पहिला संशय थंडीवर होता आणि तो निम्मा खरा निघाला. फोर्ड कपनं (तळाला भोक असलेल्या, दाटपणा मोजायच्या कपानं) मोजलं तर सकाळी रंग गळायला २२ सेकंद लागत होते, दुपारी १६. दिवसा थिनर घालून सारखं करतात. रात्री दहाला शिफ्ट सुटली की पेंट किचनमध्ये कोणी नसतं, फिरती मात्र चालू. दाट रंग त्याच फटीतून, त्याच वेगानं ढकलला की चकत्यांवरचा ताण त्या प्रमाणात वाढतो. थंडीनं बूथमध्ये काही बिघडवलं नव्हतं. तिनं रात्रीच्या पंपाचं काम जड केलं होतं.

पेंट किचनच्या ऑपरेटरला विचारलं, फिरती रविवारी तरी बंद का नाही ठेवत. त्याचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी वीज गेली, पंप थांबला, सोमवारी चकत्या नळीभर बसलेल्या. सगळी लाइन सोडवून धुवावी लागली. तेव्हापासून पंप बंद करायचा नाही आणि व्हॉल्व्ह सैल सोडायचा नाही, असं त्यानं स्वतःलाच घालून घेतलं होतं. हे निष्काळजीपणाचं नव्हे, काळजीचंच वागणं होतं. त्याला फेऱ्यांचा हिशेब कोणी दिला नव्हता.

काय बदललं

महागडा पंप घ्यावा का, अशी चर्चा झाली. सौम्य दाबाचे पिस्टन पंप असतात आणि मोठ्या लाइनला ते योग्यच. पण इतक्या कमी खपाच्या शेडसाठी फिरती लाइनच कशाला, असा प्रश्न दादांनी टाकला आणि तोच बरोबर होता. चंदेरी रंग लाइनवरून काढला. आता बूथशेजारी २० लिटरचा प्रेशर पॉट आहे, आत सावकाश फिरणारं पातं. रंग परत येत नाही, सरळ गनकडं जातो. पॉट दोन-तीन दिवसांत संपेल एवढाच भरायचा. टाकीतला जुना रंग नव्यात थोडा थोडा मिसळून संपवावा असा आग्रह होता. दहा टक्के मिसळून पॅनेल फवारलं, ११० चा आकडा लगेच वर सरकला. मग मालकांनी तो बाद केला. फ्लॅश-ऑफ पुन्हा तीन मिनिटांवर आला, साखळीचा वेग पूर्ववत झाला. ते दहा दिवसांचं नुकसान माझ्या अहवालामुळे झालं होतं आणि दुसऱ्या अहवालात मी ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, छेद कसा चुकला त्याच्या फोटोसकट.

पॉटवरच्या पहिल्या खेपेची कव्हरं तीनही कोनांवर मास्टरशी जुळली. त्यांचाही छेद घेतला: दोनशेत २१. कडेला, जिथं कव्हर दुमडतं तिथं, एक बारीक गडद रेघ अजून दिसते. तिथं लेप जाड बसतो आणि सावकाश सुकतो. ती ग्राहकाच्या मर्यादेत आहे, पण मला खटकते. गनचा कोन बदलून पाहण्याचं काम चालू आहे.

नव्या रंगाऱ्याला बूथमध्ये परत घेतलं. तक्रारीच्या काळातली कव्हरं वेगळी काढून पाहिली तेव्हा दिसलं की त्याच्या आधीच्या, वीस वर्षं जुन्या रंगाऱ्यानं त्याच आठवड्यात मारलेलीही तितकीच परत आली होती. ती यादी आधीपासून कारखान्यात होती. त्या नजरेनं कोणी चाळली नव्हती.

कारखान्यानं एक साधा विद्यार्थी सूक्ष्मदर्शक घेतला आहे. दर सोमवारी तोच मुलगा प्रत्येक मेटॅलिक शेडचा गनपाशी एक थेंब घेतो, काचपट्टीवर सुकवतो, तारीख घालून लाकडी पेटीत ठेवतो. चंदेरीच्या पट्ट्यांवर चकत्या गोल आहेत. लाइनवर अजून दोन शेड फिरत्या आहेत. त्यातल्या सोनेरी शेडची पट्टी परवा त्यानं स्वतःहून माझ्याकडं पाठवली, सोबत चिठ्ठी: “मॅडम, कडा बघा.” कडा फाटायला लागल्या आहेत.